आंतरधर्मीय गळू

आंतरधर्मीय सामंजस्य या विषयाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा पहिला तास ज्या दिवशी झाला, त्या दिवशी मधल्याला बसता येत नव्हते. कारण अगदी घरगुती होते. त्याला गळू झाले होते, आणि ज्या जागी झाले होते ती जागा बसण्याच्याच कामी येणारी होती. परदेशात नुकताच उतरलेला माणूस, ओळख ना पाळख, अशा वेळी हे दुखणे सांगायचे कोणाला आणि दाखवायचे कोणाला, या विवंचनेत तो वर्गात शिरला आणि भिंतीशी उभा राहिला.

मधला म्हणजे तीन भावांतला मधला. थोरल्याने वडिलांचा धंदा उचलला होता, धाकट्याला सरकारी नोकरी चिकटली होती, आणि मधल्याचे करायचे काय हा प्रश्न घरात बरीच वर्षे भिजत पडला होता. वडिलांचा धंदा समारंभांना खुर्च्या भाड्याने देण्याचा. सभा कोणाचीही असो, खुर्च्या यांच्या. मधला शाळेपासून एकतेवर निबंध बरे लिहायचा. अखेर कोणीतरी सुचवले की परदेशात याच विषयाची पदवी मिळते आणि ती घेऊन परत आलेल्याला समित्यांवर नेमतात. वडिलांनी उभ्या हयातीत पुष्कळ समित्यांना खुर्च्या पुरवल्या होत्या, त्यामुळे त्यांना हे लगेच पटले. "आपण खुर्च्या मांडत राहिलो," ते म्हणाले, "घरातलं एक तरी पोर त्यांच्यावर बसू दे." मधल्याची रवानगी झाली ती या एका अपेक्षेवर.

वर्गात एक मोठे गोल टेबल होते. कोणी वरच्या बाजूला आणि कोणी खालच्या बाजूला बसला असे होऊ नये म्हणून ते गोल होते, आणि त्याच कारणासाठी खिडकीही कोणाच्या पाठीशी येणार नाही अशी काळजी घेतली होती. प्रत्येक खुर्चीसमोर पाटी. पाटीवर माणसाचे नाव नव्हते, धर्माचे होते. विभागप्रमुख बाई फार मृदू बोलत. त्यांनी मधल्याकडे पाहिले, रिकाम्या खुर्चीकडे पाहिले आणि मान किंचित कलती केली.

"आपण बसत नाही?"

"बसता येत नाही," मधला म्हणाला.

"येत नाही, की चालत नाही?"

मधल्याची ततपप झाली. जगभरचे लोक टेबलाभोवती बसलेले, त्यांत निम्म्या बायका. आता काय सांगणार? त्याने जमिनीकडे पाहिले.

"श्रद्धेचा विषय आहे का?" बाईंनी आणखी हळू आवाजात विचारले. "सांगितलंच पाहिजे असं मुळीच नाही."

नाही म्हणावे तर पुढचा प्रश्न येणार, आणि पुढच्या प्रश्नाचे उत्तर गळू हे होते. मधल्याने मान डोलावली. टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी एकदम श्वास आत घेतला आणि एकदम वह्या उघडल्या. बाईंचे डोळे पाणावले. इतक्या वर्षांच्या नोकरीत एवढी जुनी, एवढी नाजूक आणि पुस्तकात न सापडणारी गोष्ट त्यांच्या वर्गात प्रथमच उभी राहिली होती. "कृपया यांना कोणी कारण विचारू नये," त्यांनी सर्वांना बजावले. "समजून घेणं म्हणजे न विचारणं. हा आपल्या विभागाचा पहिला नियम आहे."

ज्याने विचारले तो मधल्याच्याच वर्गातला, त्याच्या खोलीत राहणारा सोबती होता. त्याला सगळे कंपाउंडर म्हणत, कारण शिकत असताना तो मामांच्या दवाखान्यात पुड्या बांधायला बसायचा. जाडजूड, मोठ्या आवाजाचा, आणि तोंडाला कुलूप कशाशी खातात हे न कळणारा. धर्म वेगळा, पण गाव मधल्याचेच, घर दोनच गल्ल्यांपलीकडे. गावात असताना दोघांनी एकमेकांचे तोंड पाहिले नव्हते. दोन गल्ल्या ओलांडायला त्यांना समुद्र ओलांडावा लागला.

"गळू आहे ना?" कंपाउंडरने खोलीत पाऊल टाकताच विचारले. "चालण्यावरून कळतंय. दाखव."

"अरे, काहीतरीच काय!"

"लाजतोस कसला? मामांच्या दवाखान्यात अर्ध्या गावाची ही बाजू पाहिलीय मी. त्यात धर्म ओळखायला येत नाही."

त्याने पाणी तापवले, फडक्याने शेक दिला, कुठूनसे मलम पैदा केले आणि गळू फुटेपर्यंत रोज सकाळ-संध्याकाळ हीच सेवा केली. करताना तो अखंड बडबडत असे आणि मधला उशीत तोंड खुपसून ऐकत असे. विभागाच्या व्याख्येत या प्रकाराला काही नाव नव्हते, त्यामुळे त्याचे गुणही नव्हते.

गळू बरे झाले. मधल्याचा जीव भांड्यात पडला आणि तो टवटवीत चेहऱ्याने वर्गात गेला, तर त्याची खुर्चीच जागेवर नव्हती. तिथे मऊ गालिच्याचा एक चौकोन होता, भोवती पितळी कठडा होता आणि कठड्याला पाटी होती : 'आदरपूर्वक उभे राहण्याची जागा'. शेजारी धर्मसुविधा अधिकारी अदबीने उभे होते. वर्गातल्या प्रत्येक धर्माची सोय बघण्यासाठी विद्यापीठाने त्यांना नेमले होते, आणि बऱ्याच दिवसांनी त्यांच्या हाताला काम मिळाले होते.

"मी आज बसलो तर चालेल का?" मधल्याने विचारले.

बाई पांढऱ्याफटक पडल्या. "आपल्यावर कोणी दबाव आणला?"

"छे, छे."

"गालिचा टोचतो का?" अधिकाऱ्यांनी विचारले.

"नाही हो. गालिचा छान आहे. पण बसायला हरकत नाही माझी."

"तुमची नसेल," अधिकारी दुःखाने म्हणाले. "आम्हाला तुमच्या परंपरेचाही विचार करावा लागतो. एकदा नोंदवलेली सुविधा काढून घ्यायची तर आपल्या धर्मपीठाचं ना-हरकत पत्र लागेल. म्हणजे सदर विद्यार्थ्यास बसण्यास मोकळीक दिल्याचं."

"पण अशी परंपराच नाहीये!"

बाईंनी हात जोडले. "अंतर्गत टीका! इतक्या लवकर! हे इतिवृत्तात घ्या."

मधल्याच्या लक्षात आले की आपण जे बोलू ते परंपरेच्याच खात्यात जमा होणार. एकच शब्द असा होता की तो जमा झाला नसता, पण तो बाईंच्या तोंडावर उच्चारण्याची त्याची छाती नव्हती. गळू असतानाच नव्हती, आता तर पुरावाही उरला नव्हता. तो मुकाट्याने कठड्यात जाऊन उभा राहिला.

इकडे बाकीच्या प्रतिनिधींत कुजबुज सुरू झाली. एका धर्माला कठडा, गालिचा आणि पाटी, मग आम्ही काय घोडे मारले? आमच्यातही सोसण्यासारखे काही आहेच. विभागाने ताबडतोब गैरसोयींच्या समान वाटपासाठी पोटसमिती नेमली. एका प्रतिनिधीला एक पाय आखूड असलेली खुर्ची मंजूर झाली. दुसरीला ऊन थेट डोळ्यांत येईल अशी जागा देण्यासाठी भिंत फोडून नवी खिडकी पाडली. तिसऱ्याने आपल्यात दुपारपूर्वी परक्याचा शब्द कानी पडू देत नाहीत असे सांगितले, तेव्हा त्याला विद्यापीठाच्या खर्चाने कापूस मिळू लागला. सगळे तास सकाळचे होते. सत्राअखेरीस श्रवणकौशल्यात तो पहिला आला.

कंपाउंडरला विचारले तेव्हा तो म्हणाला, "आमच्यात काही त्रास नाही बुवा. बसतो, उठतो, जेवतो." बाईंना हे आवडले नाही. धर्माचे तपशील दडवून ठेवणे असा शेरा त्याच्यावर बसला.

यथावकाश प्रबंधाची वेळ आली. बाईंनी मधल्याला विषय दिला : 'ज्ञानश्रवणप्रसंगी आसनत्याग : एक जिवंत परंपरा'.

"पण याला आधार कशाचा देऊ?" मधल्याने रडवेला चेहरा करून विचारले. "एकही ग्रंथ नाही."

"ग्रंथ मृत असतात. जिवंत आधार आपण स्वतः आहात. स्वतःची मुलाखत घ्या."

मधल्याने स्वतःची मुलाखत घेतली. पहिल्या खेपेला उत्तर देणारा मोकळेपणाने बोलला नाही, असे त्याने प्रामाणिकपणे नोंदवले. दुसऱ्या खेपेला तो थोडा सैलावला, आणि तिसऱ्या खेपेला त्याने आपल्या पणजोबांची एक आठवण सांगितली जी मधल्याला स्वतःलाही नवीन होती. बाईंनी हे प्रकरण एका प्रतिष्ठित नियतकालिकात छापून आणले. ते घरी पोचले. वडिलांनी फोनवर सांगितले की गावात पेढ्यांसकट बातमी वाटली आहे आणि परतल्यावर जाहीर सत्कार ठरला आहे. आता मागे फिरायला वाट उरली नाही.

दिवसभर उभा राहून मधल्याच्या पोटऱ्यांना गाठी आल्या. संध्याकाळी खोलीत आला की कंपाउंडर आधी पडदा ओढायचा आणि मग म्हणायचा, "हं, बस." मधला पलंगावर बसायचा. नुसता बसायचा, काही करायचा नाही. कंपाउंडर समोर बसून गावातल्या दवाखान्याचे किस्से सांगायचा आणि मधला हसून हसून लोळायचा. आयुष्यात इतक्या सुखाने तो कधी कोणासोबत बसला नव्हता, आणि हे सुख पडद्याआड ठेवावे लागते याचे त्याला मनातून फार वाईट वाटे.

"सांगून टाक ना एकदाचं," कंपाउंडर म्हणायचा. "हसतील दोन दिवस."

"पदवी हातात पडू दे. मग सांगतो."

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी मोठे चर्चासत्र भरले. बाहेरगावचे पाहुणे, गच्च भरलेले सभागृह, आणि व्यासपीठावर पितळी कठड्यात मधला. आधी स्वागत झाले, मग स्वागताबद्दल आभार झाले, मग बाईंचे प्रास्ताविक सुरू झाले ते संपेना. मधल्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. तो पुढे झुलला, मागे झुलला, त्याचे डोळे पांढरे झाले.

"कोणी हात लावू नका!" बाई कुजबुजल्या. "त्यांची तंद्री लागली आहे." सभागृहाने मान लववली. काहींनी छायाचित्रे काढली.

तेवढ्यात शेवटच्या रांगेतून कंपाउंडर खुर्ची डोक्यावर घेऊन धावत आला. "तंद्री कसली डोंबलाची! पडतोय तो!" त्याने कठडा ओलांडला, मधल्याच्या खांद्यांवर दोन्ही हात ठेवून त्याला खुर्चीत दाबून बसवले आणि पाणी पाजले. मग बाईंकडे वळून ध्वनिक्षेपकाच्या अगदी जवळ तो ओरडला, "अहो बाई, धर्मबिर्म काही नाही हो! त्याला गळू झालं होतं! मीच शेकलंय!"

सभागृहात एवढी शांतता पसरली की कानात कापूस घातलेल्या प्रतिनिधीनेही कापूस काढून पाहिला.

कंपाउंडरवर दोन आरोप ठेवण्यात आले. परधर्मीयास बळाने बसवणे हा पहिला, आणि श्रद्धेची वैद्यकीय विटंबना हा दुसरा. चौकशी बाईंच्या दालनात झाली. बाई, धर्मसुविधा अधिकारी आणि कंपाउंडर असे तिघे बसले होते. मधला उभा होता.

"मी कशाला सांगू?" कंपाउंडर म्हणाला. "हा उभा आहे ना समोर. यालाच विचारा. काय रे, गळू होतं की नव्हतं?"

"कारण विचारता येणार नाही," अधिकारी म्हणाले. "यांना आपणहून काही सांगायचं असेल तर ते ऐकता येईल."

तिघांनी मधल्याकडे पाहिले. हो म्हणावे तर प्रबंध गेला, पदवी गेली, गावातला सत्कार गेला आणि वडिलांनी ज्या समितीच्या खुर्चीची स्वप्ने पाहिली तीही गेली. गप्प बसावे तर कंपाउंडरचे नाव पटावरून जाणार. मधल्याने ओठ ओलसर केले. दुसऱ्या सत्रात एक वाक्य पाठ करून घेतले होते, कोणत्याही पेचप्रसंगी वापरता येईल असे. ते आपोआप बाहेर पडले.

"मी त्यांच्या अनुभवाचा आदर करतो," तो म्हणाला. "माझा अनुभव वेगळा आहे."

"किती समंजस!" बाई गहिवरल्या. हे वाक्य पुढे विभागाच्या माहितीपत्रकावर छापले गेले.

कंपाउंडर मधल्याकडे बघत राहिला. तो चिडला नाही, हसलाही नाही. "शाब्बास," एवढेच म्हणाला. "पास झालास."

त्याने त्याच दुपारी सामान बांधले. मधला दाराशी उभा होता. जाता जाता कंपाउंडरने सवयीने पडदा ओढला आणि म्हणाला, "बस आता. कोणी बघत नाही." मधला बसला नाही. त्याला स्वतःची इतकी लाज वाटत होती की गळवाची कधी तेवढी वाटली नव्हती, आणि हे त्याने कंपाउंडरला सांगायला हवे होते, पण तोवर जिन्यावरचे पाऊल वाजेनासे झाले होते. पदवी विशेष प्रावीण्यासह मिळाली.

मधला गावी परतला तेव्हा त्याच्या आधीच त्याची परंपरा येऊन पोचली होती. प्रबंधाची बातमी वाचून त्याच्या समाजातली जाणती मंडळी सुरुवातीला गोंधळली होती. असं आपल्यात होतं का, असे एकमेकांना विचारत होती. मग सर्वांत वयोवृद्ध गृहस्थांनी निकाल दिला, "असणारच. परदेशातली माणसं उगीच छापतील होय?" त्यानंतर माहीत नाही म्हणायची चोरी झाली. प्रत्येकाला आपापले आजोबा उभे असलेले आठवू लागले. सभेत उभे राहणे सुरू झाले, मग दुकानात, मग जेवताना. न्हाव्याकडे उभ्याने दाढी होऊ लागली आणि चार जणांच्या गालावर वस्तऱ्याच्या खुणा आल्या. त्या खुणा पुढे मानाच्या ठरल्या.

दोन गल्ल्यांपलीकडचा समाज, म्हणजे कंपाउंडरचा, थोडाच मूग गिळून बसणार? मूग न गिळताच तो बसला. बसणे हाच आपल्या धर्माचा आत्मा आहे आणि उभे राहणारे मुळातच अस्थिर असतात, असे त्यांच्या जाणत्यांनी जाहीर केले. ते रांगेत बसू लागले, पुलावर बसू लागले, लिफ्टमध्ये बसू लागले. उभ्यांची बस वेगळी झाली, बसणाऱ्यांची वेगळी. वर्षानुवर्षे एकाच दुकानातून साबण घेणारी माणसे आता आधी आत स्टूल आहे का ते बघून पायरी चढत.

वडिलांच्या धंद्यावर प्रथम गदा आली. आपल्याच लोकांनी खुर्च्या घेणे बंद केले. पण वडील कच्च्या गुरूचे चेले नव्हते. उभ्या माणसाला कमरेशी जरा आधार म्हणून त्यांनी एक फळी काढली आणि तिला टेकू असे नाव दिले. जाणत्यांनी टेकू अनुज्ञेय ठरवला. लोकांच्या आग्रहाखातर फळी थोडी खाली आली. मग आणखी खाली आली. मग पाठीला एक फळी लागली, कारण पाठ टेकण्याबद्दल प्रबंधात एक अक्षरही नव्हते. मग हात ठेवायला दोन दांडे आले आणि शेवटी गादी आली. मधला घरी पोचला तेव्हा त्याचे वडील दारातल्या टेकूवर एक पाय दुमडून, तोंडावर वर्तमानपत्र पांघरून, घोरत उभे होते.

"बाबा," मधल्याने त्या संध्याकाळी सगळा धीर एकवटून सांगितले, "परंपरा वगैरे काही नव्हती. मला गळू झालं होतं."

"कुठे?"

मधल्याने सांगितले.

वडिलांनी घाईने दार लावले. "हळू बोल! दोन नवे कारखाने टाकलेत थोरल्याने. आणि भावना दुखावतात लोकांच्या."

थोड्याच दिवसांत गावच्या सभागृहावरून ठिणगी पडली. ते उभ्यांसाठी बांधले होते की बसणाऱ्यांसाठी, यावरून दगडफेक झाली. सरकारने सामंजस्य समिती नेमली आणि अध्यक्षपदी, अर्थातच, मधल्याला बसवले. म्हणजे उभे केले. बैठक त्याच सभागृहात भरली. उजवीकडे एक समाज टेकूंवर उभा होता, डावीकडे दुसरा समाज खुर्च्यांवर बसला होता. परक्याने पाहिले असते तर दोन्ही बाजूंत त्याला काडीचा फरक दिसला नसता, म्हणून परक्यांना आत सोडले नव्हते.

बसणाऱ्यांच्या शिष्टमंडळात पुढेच कंपाउंडर होता. त्याच्या समाजाने त्याला, तो नको नको म्हणत असताना, परदेशात जाऊन परधर्मीयाला बसवून आलेला वीर ठरवले होते. त्याच्या कपाळाला मोठी पट्टी होती आणि एक डोळा सुजून मिटला होता.

"हे काय?" मधला खाली उतरून त्याच्यापाशी गेला. "कोणी मारलं?"

"तुझ्या थोरल्याने. नेम चांगला आहे." कंपाउंडर हसायला गेला आणि कळ आल्याने थांबला. "डोळा वाचेल म्हणतात. शेकायला मात्र कोणी नाही."

मधल्याने त्या सुजलेल्या डोळ्याकडे पाहिले, मग तो व्यासपीठावर परत गेला आणि ध्वनिक्षेपक ओढून घेतला. अनुभवाचा आदर करण्याचे ते वाक्य जिभेवर आले होते, ते त्याने गिळले.

"मला गळू झालं होतं," तो म्हणाला. "म्हणून मी उभा होतो. दुसरं काहीही कारण नाही. गळू इथे झालं होतं." आणि कोणाचा गैरसमज राहू नये म्हणून त्याने वळून सर्व सभागृहाला जागा दाखवली. "या माणसाने ते बरं केलं, आणि मी याला खोटं पाडलं. चूक माझी आहे. उठा आणि घरी जा सगळे."

उठले मात्र सगळे. उभे असलेले टेकूंवरून उठले आणि बसलेले खुर्च्यांवरून उठले.

"हा आमच्या उभे राहण्याचा अपमान आहे!" उजवीकडचे वयोवृद्ध गरजले.

"तुमचा नंतर!" डावीकडचे पुढारी त्याहून मोठ्याने गरजले. "आमचे लोक काय एका गळवाच्या विरोधात बसले होते? पोरांची डोकी फुटली ती गळवापायी? हा आमच्या बसण्याचा अपमान आहे!"

"बरोबर बोललात," वयोवृद्ध म्हणाले.

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. कित्येक महिन्यांत एका समाजाने दुसऱ्याला बरोबर म्हटल्याची ही पहिलीच वेळ होती. जागच्या जागी संयुक्त ठराव झाला : सदर गळू कधीही झालेले नाही, त्याचा उच्चार दोन्ही समाजांत यापुढे निषिद्ध राहील, आणि ते झाल्याचे सांगणारा व ते शेकल्याचे सांगणारा या दोघांना दोन्ही समाजांतून वगळण्यात येत आहे. ठरावावर सह्या करताना पुढारी वयोवृद्धांना आधार देत होते. माणसे गळ्यात गळे घालून रडली. सरकारने अहवालात नोंद केली की समितीला अपेक्षेपलीकडे यश आले, आणि अध्यक्षांना पदावरून कमी केले.

सभागृहाच्या मागच्या पायरीवर मधला आणि कंपाउंडर बसले होते. मधल्याने कुठून तरी गरम पाणी आणले होते आणि रुमाल पिळून तो कंपाउंडरच्या डोळ्यावर धरत होता.

"जोरात दाबू नकोस," कंपाउंडर म्हणाला. "गळू नाहीये ते."

आतून टाळ्यांचा आवाज येत होता. मधला हसू लागला आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी आले. रस्त्यावरून जाणाऱ्या दोन्ही बाजूंच्या माणसांनी त्यांच्याकडे सारख्याच तिरस्काराने पाहिले आणि एकमेकांना नमस्कार केला.

चाणाक्ष वाचकांच्या ध्यानात आले असेल की या गोष्टीत एकाही धर्माचे नाव आलेले नाही. तरी वाचता वाचता आपण उभ्यांना एक नाव देऊन टाकलेत, बसणाऱ्यांना दुसरे दिलेत, आणि मान हलवत मनाशी म्हणालात की हो, हे लोक असेच. कोणत्या धर्माला कोणती बाजू दिलीत ते आम्ही विचारत नाही. ज्यांना आपण जास्त हसलात ते आपल्या घरचे नव्हते, एवढे न विचारताही कळते.